'बिलाँगिंग'ला मराठीत काय म्हणाल?

अक्षरओळ: एका शिक्षणसंस्थेच्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. विद्यार्थ्यांना शिकता यावं म्हणून विद्यापीठांनी काय काय केलं, हा विषय. 'अ‍ॅक्सेस, बिलाँगिंग, सक्सेस' हे त्रिकूट दर दुसऱ्या पानावर येतं. यश ठीक आहे. 'अ‍ॅक्सेस'ला प्रवेश म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अ‍ॅडमिशनची रांग येते. 'बिलाँगिंग'ला मी 'आपुलकी' लिहिलं, संपादकांनी खोडून 'समावेशन' केलं. 'विद्यार्थ्यांमध्ये समावेशन निर्माण करणे' हे वाक्य काही केल्या घशाखाली उतरत नाही. सुचवा.

मास्तर: आपुलकी नको, ताई. आपुलकी यजमान दाखवतो, पाहुण्याला. आपुलकीनं विचारपूस केली, आपुलकीनं जेवू घातलं. म्हणजे समोरचा बाहेरचाच राहिला. 'आपलेपणा' घ्या.

भीमाकाठ: मास्तरांना अनुमोदन. 'आपण' हा प्राकृत 'अप्प', संस्कृत 'आत्मन्'वरून आला. शिवाय मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, हे भाग्य हिंदीला नाही. माझा भाचा गावाकडून शहरात शिकायला गेला. पहिलं वर्षभर शिपायाशी बोलतानाही 'तुमच्या कॉलेजात' म्हणायचा. दुसऱ्या वर्षी गॅदरिंगच्या खुर्च्या उचलायला गेला आणि तिथपासून 'आपला हॉल' सुरू झालं.

शुद्धमती: भाच्याचं कौतुक आहे, पण अहवालाला संज्ञा लागते. आपलेपणा ही भावना. संस्था व्यवस्था करू शकते, भावना नाही. 'समावेशन' कोरडं वाटेल, पण नेमकं आहे.

सातारी: पटलं नाही. व्यवस्थेतूनच भावना येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, आळीपाळीनं स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. पैशांची ओढाताण झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आमचे आजोबा तिथे शिकले. ते 'मी बोर्डिंगात होतो' असं कधीच म्हणाले नाहीत. 'मी बोर्डिंगचा' म्हणायचे. अक्षरओळताई, तुमचं बिलाँगिंग त्या 'चा'मध्ये आहे. त्याला नाम शोधत बसू नका, षष्ठी वापरा.

शुद्धमती: षष्ठीचा मुद्दा चांगला आहे. पण 'बोर्डिंग' कशाला? 'वसतिगृह' हा सुंदर शब्द असताना?

सातारी: कारण पोरं बोर्डिंगच म्हणत होती. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते नाव दिलं गेलं तेही 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'. आणि परक्या शब्दांचा हिशेब काढायचाच तर 'रयत' अरबी आहे, मूळ अर्थ राखलेला कळप. भाऊरावांची 'रयत शिक्षण संस्था' १९१९ ची आहे. तिचं नाव बदलायचं का?

शुद्धमती: रुळलेल्या शब्दांबद्दल मी बोलतच नाही. नव्यानं येणारे थोपवायला हवेत, एवढंच.

अक्षरओळ: षष्ठी वापरून बघते. आणखी एक अडलंय. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात थोडक्या थकबाकीपायी मुलांची नोंदणी रद्द व्हायची, पदवी तोंडाशी आलेल्यांचीसुद्धा. २०११ पासून तिथे अशी काही मुलं हेरून विद्यापीठच ती रक्कम भरतं, मुलांनी अर्ज करायची वाट बघत नाही. याला ते 'रिटेन्शन ग्रँट' म्हणतात. संपादकांनी 'धारणा अनुदान' केलंय. आणि 'ड्रॉपआउट'ला 'गळती'.

मास्तर: 'धारणा' वाचून कोणाला काही कळणार नाही. 'अडलेली फी' म्हणा, सरळ. 'गळती'वर मात्र माझा जुना राग आहे. गळती नळाला असते. माणसं काय म्हणतात ते ऐका. 'कॉलेज सोडलं' आणि 'कॉलेज सुटलं'. सोडलं म्हणताना कर्ता मुलगा. सुटलं म्हणताना बापाचं आजारपण, एसटीचा पास, बहिणीचं लग्न, काहीही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली पुढे भेटल्या की 'सर, शाळा सुटली' म्हणायच्या. आम्ही मात्र सगळ्यांच्या हातात एकच कागद दिला, 'शाळा सोडल्याचा दाखला'.

भीमाकाठ: सर, हे फार मोलाचं आहे. पण 'शाळा सुटली' म्हणजे घंटा झाली, असाही अर्थ होतो.

मास्तर: मागे 'माझी' लावा, अर्थ बदलतो. पुन्हा षष्ठीच.

शुद्धमती: 'गळती' शासकीय कागदपत्रांत पक्का बसलाय. एकट्यानं बदलून गोंधळ होईल. 'विद्यार्थी कल्याण'चं 'विद्यार्थी विकास मंडळ' व्हायला २०१६ चा विद्यापीठ कायदा यावा लागला.

सातारी: मग पुस्तिकेपासून सुरुवात होऊ दे की. कायद्याची वाट कशाला बघायची? बाकी, शुद्धमती, आमच्या तालुक्यात पाटीवर 'वसतीगृह' आहे, दीर्घ. ते चूक का?

शुद्धमती: चूक. शब्द तत्सम 'वसति', समासात पूर्वपदाचा 'ति' ऱ्हस्वच राहतो. सुटा लिहिताना 'वसती'.

भीमाकाठ: आणि 'वस्ती'? तीही 'वसति'वरूनच आली ना? मग 'वस्तीशाळा'त दीर्घ कसा चालतो?