बेळगावात बसून लॉगिन चेन्नईतून कसं काय?

३०४ काका: ओ कोणी जागं हाय काय, माझ्या मेलला नोटीस आलीय, नवीन डिव्हाइसवरून साइन-इन, ठिकाण चेन्नई तमिळनाडू. मी तर टिळकवाडीत घरात बसलोय

३०४ काका: सगळ्यांनी पासवर्ड बदला, बिल्डिंगचं नेट हॅक झालंय

सेक्रेटरी: काका घाबरवू नका सगळ्यांना. नेटवाल्याला फोन लावलाय, उचलेना

३०२ वहिनी: मला पण कालपासून सगळ्या तमिळ जाहिराती यायलेत, मला वाटलं पोरानं कायतरी दाबलं

१०५ दादा: काका त्यात वेळ आणि डिव्हाइस काय लिहिलंय ते बघून सांगा आधी

३०४ काका: काल संध्याकाळी ७.१०. अँड्रॉइड टॅबलेट. तो तर नातवानं मला काल लावून दिला तो. खरं चेन्नईला कोण गेलंय??

१०५ दादा: मग तुमचंच लॉगिन आहे ते, हॅक बिक काही नाही. चेन्नई म्हणजे तुम्ही कुठं बसलाय ते नव्हं, तुमच्या नेटचा जो आयपी नंबर आहे तो कुठल्या गावाच्या नावावर पडलाय ते. नेट कंपन्या हे नंबर गठ्ठ्यानं घेतात आणि त्यांचं मोठं गेटवे जिथं असेल तिथनं आपलं सगळं ट्रॅफिक बाहेर पडतं, आता मॅक्समाइंडसारख्या कंपन्या आहेत त्या कुठला नंबर कुठल्या गावात याच्या याद्या करून विकतात, मेलवाले जाहिरातवाले सगळे तसल्याच याद्या बघतात, त्यात देश बहुतेक बरोबर येतो खरं गावाचा भरवसा नाही. मला कधी बेंगळूर दाखवतंय कधी मुंबई. बेळगाव दाखवलं तर पेढे वाटतो

२०१ चा मुलगा (बेंगळूर): इथं पण तेच की, कोरमंगलात बसून मुंबई दाखवतंय. अमेरिकेत तर कॅन्ससमध्ये एका शेतावर लईच मोठा घोळ झालेला. मॅक्समाइंडलाच ज्या नंबरांचं 'अमेरिका' यापलीकडं काही माहीत नव्हतं ते सगळे त्यांनी देशाच्या मधोमध म्हणून एका ठिपक्यावर टाकले, आणि तो ठिपका पडला कुणाच्यातरी शेतात. ६० कोटी आयपी त्या एका शेतावर! मग ज्याची फसवणूक झाली तो आणि पोलीस सगळे त्यांच्याच दारात, वर्षानुवर्षं. २०१६ ला बातमी आली तेव्हा कुठं कंपनीनं ठिपका उचलून तळ्यात टाकला

३०२ वहिनी: तळ्यात हाहाहा

३०४ काका: म्हणजे माझ्या दारात पण येणार काय पोलीस

१०५ दादा: नाही ओ काका. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी, म्हणजे नेट कंपनीनं राउटरला दिलेला नंबर, बघा, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काहीतरी असेल. तो बाहेरचा नंबरच नाही, कंपनीच्या आतला आहे. जुन्या पद्धतीचे आयपी नंबर जगात मिळून साधारण ४२९ कोटी, आपल्या आशिया भागाचा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आलेला, म्हणून आता शेकडो घरं एका बाहेरच्या नंबरावर बसवतात. बिल्डिंगला पत्ता एक आणि आत फ्लॅट वेगवेगळे तसं. कुठं कुठं सारखं 'मी रोबोट नाही' विचारतंय ना ते पण बऱ्याचदा यामुळंच, त्याच नंबरावरनं भलताच कोणीतरी उद्योग करत असतो

१०२ वकील सर: पोलिसांना काहीच सापडत नाही असा अर्थ कोणी काढू नये. तारीख, सेकंदापर्यंत वेळ आणि पोर्ट नंबर (एकाच आयपीवरच्या प्रत्येक कनेक्शनचा वेगळा आकडा) दिला की कंपनी ग्राहकाचं नाव काढून देऊ शकते. नुसत्या आयपीवर शेजाऱ्याचं नाव यायची भीती असते ती वेगळी.

३०२ वहिनी: मग मी ते व्हीपीएन, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधनं नेट फिरवायचं अ‍ॅप, घालू काय? ताई म्हणत होती त्यानं कोणालाच काही दिसत नाही

१०५ दादा: वहिनी नेटवाल्याला आत्ता पण तुम्ही कुठल्या साइटवर गेला तेवढंच कळतंय, पत्त्याजवळ कुलूप दिसतं तसली साइट असेल तर आत काय वाचला ते नाही. व्हीपीएन घातलं की तेवढं पण त्याला दिसायचं बंद, खरं ते सगळं व्हीपीएनवाल्याला दिसायला लागतं. फुकटचं असेल तर लांबच राहा. आणि बँकेचं अ‍ॅप अडून बसतं ते वेगळंच

१०२ वकील सर: सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवायची. त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून नेले.

२०१ चा मुलगा (बेंगळूर): व्हॉट्सअ‍ॅप कॉलमध्ये समोरच्याला आपला आयपी कळू शकतो, ते बंद करायचं असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये बटण आहे, २०२३ ला आलंय. आवाज थोडा खराब होईल

४०१ दादा: मी रोज शिनोळीला कंपनीत जातो, मॅप मला गेटपासून गेटपर्यंत बरोबर दाखवतंय, हद्द ओलांडली की लगेच महाराष्ट्र. मग आयपी चुकीचा कसा म्हणताय

१०५ दादा: मॅप आयपीवर चालत नाही की ओ. ते जीपीएस, टॉवर आणि आजूबाजूचे वायफाय बघतं. लोकेशन लपवायचं तर ती अ‍ॅपची परवानगी काढा, टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचं घर कशाला पाहिजे

१०२ वकील सर: विषय निघालाच आहे तर सेक्रेटरींना एक विचारतो. गेल्या आठवड्यात भाडेकरूंची यादी पीडीएफ करून याच ग्रुपवर टाकली, त्यात प्रत्येकाचं आधार, फोन, गावचा पत्ता. चेन्नईवरनं एवढी चर्चा झाली आणि ती फाईल अजून वर तशीच आहे.

सेक्रेटरी: सर ते पोलीस व्हेरिफिकेशनसाठी मागितलेलं, पटकन मिळावं म्हणून टाकलं

१०२ वकील सर: पोलिसांना द्या, १६ फ्लॅटना कशाला? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ ला सांगितलंय, आणि ती केस घालणारे पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, तेही आधारच्याच विषयावर.

३०२ वहिनी: आम्ही भाडेकरूच आहोत, मला तेव्हाच बोलायचं होतं खरं वाईट दिसेल म्हणून गप्प बसले. आणि गेटवर कोण कोण आलं त्याचे सीसीटीव्हीचे फोटो पण इथं टाकता, माझा भाऊ आला तरी फोटो

सेक्रेटरी: फाईल काढली वहिनी. फोटो पण टाकणार नाही, वॉचमनला सांगतो

३०२ वहिनी: ह्यांना फॉरवर्ड केलेली तिकडं अजून उघडतंय

१०५ दादा: फॉरवर्ड केलेली कॉपी वेगळी, ती इथनं पुसून जात नाही, ज्याच्याकडं गेलीय त्यालाच काढावी लागणार. आणखी कोणी पुढं पाठवलीय ते सांगा

३०४ काका: मी खानापूरच्या मेव्हण्याला पाठवलीय, त्याला इकडं फ्लॅट भाड्यानं पाहिजे होता. लावतो फोन