रविवारची भाजी गुरुवारपर्यंत का टिकत नाही?

सायली, पुणे
आम्ही दोघे, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा अशी घरात चार माणसे आहोत. दोघांच्याही नोकऱ्या असल्याने रविवारी मंडईतून आठवड्याची भाजी एकदम आणतो. पण गुरुवार उजाडेपर्यंत मेथी पिवळी पडते, कोथिंबिरीला पाणी सुटते आणि काकडीचे देठ मऊ होते. भाजी निवडून कोरड्या कागदात गुंडाळून ठेवतेच, त्यामुळे साठवणीपेक्षा खरेदीत काही बदलता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे. यादी नेते, पण ताजी भाजी समोर दिसली की यादी पिशवीतच राहते.

वसुधा, नाशिक
यादी भाज्यांची न करता जेवणांची करावी. आठवड्याच्या चौदा जेवणांतून सासूबाईंचे उपवास, मुलाला येणारी वाढदिवसाची आमंत्रणे आणि ज्या रात्री पिठले-भात किंवा खिचडीवर भागते त्या रात्री वजा केल्या, तर भाजी लागणारी जेवणे पुष्कळच कमी उरतात. पिशवी मात्र आपण चौदाच्या हिशेबाने भरतो. उरलेल्या जेवणांना भाजीच्या आयुष्याप्रमाणे क्रम लावावा. सोमवार-मंगळवारी पालेभाजी, मग भेंडी किंवा गवार, त्यानंतर कोबी, आणि आठवडा संपताना लाल भोपळा, सुरण किंवा मोड आलेली मटकी. मटकीला तर मंडईत जावेही लागत नाही.

टोमॅटो निम्मे पिकलेले आणि निम्मे कच्चट निवडून घ्या. पिकणाऱ्या टोमॅटो-केळ्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि शेजारच्या काकडी-पालेभाजीला तो लवकर पिवळे पाडतो, म्हणून त्यांची जागाही वेगळी असावी.

अनंत, ठाणे
वसुधाताईंचा क्रम योग्य आहे, पण पालेभाजी आठवड्याच्या खरेदीत असावीच का, असा माझा प्रश्न आहे. कांदे, बटाटे, भोपळा, कोबी रविवारी आणावेत आणि मेथी, पालक, शेपू ज्या दिवशी करायचे त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून घ्यावेत. नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्या अर्धी जुडीही देतात. ॲपवरून मागवताना मात्र सावध राहावे, कारण घरपोच सेवेचे शुल्क वाचवण्यासाठी आपण नको असलेली ढोबळी मिरची टोपलीत टाकतो आणि तीच पुढे सुरकुतते.

मीनल, रत्नागिरी
भाजीबरोबर किराण्याकडेही पाहावे. आमच्याकडे पावसाळ्यातल्या दमट हवेत रव्याला जाळी धरते आणि तांदळात टोके होतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर रवा, बेसन, दाणे अर्धा-अर्धा किलोच आणते. वर्षाचे धान्य उन्हाळ्यात भरण्याची पद्धत मोठ्या घरांत, ऊन दाखवायला गच्ची असताना सोयीची होती. दोन खोल्यांच्या घरात तिचा हट्ट नको. पाकिटावरील तारखाही नीट वाचाव्यात. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव आणि दर्जा यांविषयी असते, तर ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. हा फरक लक्षात न घेतल्याने कोरडी, चांगली बिस्किटेसुद्धा फेकली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये किरकोळ विक्री, उपाहारगृहे आणि घरे यांतून वाया गेलेल्या अन्नापैकी सुमारे ६० टक्के घरांतलेच होते.

सायली, पुणे
सर्वांचे आभार. एक अडचण उरते. एक जुडी वीस रुपयांना आणि दोन तीसला मिळत असतील, तर एकच घेणे सासूबाईंना उधळपट्टी वाटते. त्यांना काय सांगावे?

वसुधा, नाशिक
दुसरी जुडी सडली, तर खाल्लेल्या एका जुडीला तीस रुपये पडले, एवढाच हिशेब त्यांच्यासमोर मांडा. तरीही त्यांनी दोन घेतल्याच, तर दुसरी त्याच संध्याकाळी चिरून थालीपिठाच्या पिठात घाला किंवा शेजारी द्या. बुधवारसाठी म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका.