विषय: गिअरबॉक्स बदलला, आता रिव्हर्स पडत नाही

कॅन्टनहून:
नमस्कार मंडळी,
बाबांची १९८८ ची जीप रँग्लर, ४.२ लिटरची. मूळचा प्यूजो बीए-१०/५ गिअरबॉक्स गेला, म्हणून १९९५ च्या गाडीतला एएक्स-१५ गिअरबॉक्स त्याच्या बेलहाउसिंगसकट (क्लचवरचं कवच) बसवला. क्लच सोडवणारा जुना स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या आत होता, हा बाहेर आहे. मास्टर (पेडलने ऑइल ढकलणारा सिलिंडर) आणि पाइपही १९९५ चेच, नवे घेतले. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. चालू केलं की रिव्हर्सला खरखर, पहिला तर पडतच नाही. क्लचमध्ये भरता भरता दोन बाटल्या ब्रेक ऑइल संपलं. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा का? बाबा रोज विचारतात, मला उत्तर देववत नाही.

ट्रॉयहून:
अरे, उतरवू नकोस! आधी पट्टी घे. कुणाला तरी क्लचचं पेडल पूर्ण दाबायला सांग आणि स्लेव्हची पुशरॉड (क्लचला ढकलणारा दांडा) किती सरकते ते मोज. रॉड पुरेशी सरकूनही क्लच सुटत नसेल तर दोष आत: क्लच प्लेट उलटी बसली असेल किंवा पायलट बुश (शाफ्टचं टोक पेलणारं) शाफ्टला धरत असेल. रॉडच कमी सरकत असेल तर दोष ऑइलच्या बाजूला. हे एक माप तुझे दोन शनिवार वाचवेल. पेडल पंप करून फरक पडतो का तेही बघ.

कॅन्टनहून:
काका, रॉड जेमतेम ८ मिलिमीटर सरकते. चार-पाच पंप मारले की पेडल घट्ट होतं, मिनिटभराने परत मऊ.

ट्रॉयहून:
मग हवाच आहे. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली गेलं असतं तर मी मास्टरच्या सीलवर संशय घेतला असता. हवा वर जाते, आणि आपण पेडल मारून तिला खाली ढकलत बसतो. स्लेव्हचे दोन नट काढ, पाइप जोडलेलाच राहू दे. पाइपाचं तोंड सगळ्यात वर येईल असा स्लेव्ह तिरका धर. रॉड अंगठ्याने सावकाश आत दाब, सावकाशच सोड. वर मास्टरच्या ऑइलच्या टाकीत बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत हेच कर. टाकी अर्धीच भर, नाहीतर उसळून रंगावर सांडेल, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. उघडी राहिलेली बाटली वापरू नकोस, हवेतलं पाणी ओढते ती. डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलची नवी बाटली घे.

नोव्हायहून:
काकांचं बरोबर आहे, फक्त एक सांगते. स्लेव्ह बाहेर असताना कुणीही पेडलला पाय लावायचा नाही. पिस्टन उडून बाहेर येतो. आमच्या गॅरेजमध्ये माझ्या मुलाने नेमकं हेच केलं आणि नवा स्लेव्ह वाया गेला. गाडीची चावी खिशात ठेवून काही होत नाही, पेडलखाली लाकडाचा ठोकळाच अडकव.

कॅन्टनहून:
काका, ताई, झालं! पहिल्या दहा मिनिटांत इतके बुडबुडे आले की मी मोजणं सोडून दिलं. टाकीवर टॉर्च धरून बाबा उभे होते, थंडीत, जाकीटसुद्धा न घालता. रॉड आता १४ मिलिमीटर सरकते. रिव्हर्स आवाज न करता पडला. बाबांनी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, मला बसू दिलं नाही. दोन दिवसांनी रॉड परत मोजून इथेच कळवतो.