लिंक लावली म्हणजे कपाट आवरलं असं नव्हे

अबोली
परवा पुणेरी प्रिम यांनी सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातल्या अवताराच्या आउटफिट्सवर (कपड्यांच्या तयार जोड्यांवर) पोस्ट टाकली होती, 'अजूनही कपड्यांच्या कॉप्या करताय? मग लॅगला तुम्हीच जबाबदार.' म्हणजे दर आउटफिटसाठी कपड्याची वेगळी कॉपी करू नका, मूळ वस्तूकडे नेणारी लिंक (शॉर्टकट) लावा. खाली टाळ्यांचा कडकडाट. मी गप्प बसणार होते, पण त्यातलं 'ज्यांना लिंक झेपत नाही त्यांनी अवतार उघडा ठेवावा, तेवढीच शिस्त' हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हे सविस्तर.

पहिलं म्हणजे, इन्व्हेंटरी (अवताराच्या सामानाचं कपाट) फुगली की लॉगिन रखडतं आणि शोधायला वेळ लागतो. सिमवरचा, म्हणजे त्या जगातल्या जागेवरचा लॅग (सगळं अडखळत चालणं) वेगळा. तो तुमच्या अंगावर काय चढवलंय त्यातून येतो, कपाटात काय पडलंय त्यातून नाही. इतकी मूलभूत गोष्ट चुकवून वर शिस्तीच्या गप्पा.

दुसरं, लिंक मलाही वापरता येते. २०१० साली व्ह्यूअर २ (सेकंड लाइफ उघडायचा प्रोग्राम) आला तेव्हापासून वापरतेय. पण लिंक फक्त 'कोणती वस्तू' हे सांगते. ती वस्तू तुम्ही कशी घातली होती हे तिला ठाऊक नसतं. माझ्याकडे एक पैठणी ब्लाउज आहे, हडवरून (स्क्रीनवरच्या बटणांच्या पाटीवरून) रंग बदलणारा. लाल करून 'लग्न' आउटफिटमध्ये लिंक लावली. मग हिरवा करून 'हळदीकुंकू'मध्ये. आता 'लग्न' घातलं की येतो हिरवाच. कारण वस्तू एकच, आणि काढताना जो रंग होता तोच तिच्यावर सेव्ह झाला. कॉपी केली असती तर दोन वस्तू, दोन रंग, विषय संपला. यात अडाणीपणा कुठे आला?

पुणेरी प्रिम
ताई, 'अडाणी' हा शब्द मी वापरलेला नाही. तो तुम्हीच अंगावर ओढून घेतलात.

लॅगचं मान्य, मथळ्यासाठी थोडं ताणलं. आता मुद्द्यावर या. तुमच्या त्या दोन ब्लाउजांना नावं काय दिलीत? बरेचसे मेश (३डी सॉफ्टवेअरमध्ये घडवलेले) कपडे नो-मॉड, म्हणजे बदल करायला मनाई असलेले असतात, नो-मॉड वस्तूचं नाव बदलता येत नाही. म्हणजे इन्व्हेंटरीत अगदी एकाच नावाचे दोन ब्लाउज. त्यातला लाल कुठला हे घातल्याशिवाय कळणार नाही. असे दहा कपडे झाले की कपाट नाही, भंगाराचं दुकान होतं.

आणि बॉडी बदलली की? मी लारा बॉडीवरून लाराएक्स बॉडीवर गेलो तेव्हा फायरस्टॉर्म व्ह्यूअरमध्ये 'रिप्लेस लिंक्स' उघडलं, जुनी बॉडी एका खान्यात, नवी दुसऱ्या खान्यात, बटण दाबलं, सगळे आउटफिट नव्या बॉडीवर. कॉपीबहाद्दरांनी फोल्डरमागून फोल्डर उघडत बसावं.

अबोली
नाव बदलत नाही, पण फोल्डरचं बदलतं ना? 'लाल' नावाचा फोल्डर, त्यात ती कॉपी. झालं.

बॉडीच्या कॉप्या करा असं मी कधी म्हटलं? बॉडी, हेड, एओ (अवताराच्या चालण्या-बसण्याच्या हालचाली ठरवणारं साधन), सगळं लिंकनेच. माझं म्हणणं ज्या वस्तूला स्वतःची अवस्था असते तिच्यापुरतं आहे. वाचायची सवय ठेवा.

नाना (न्यू जर्सी)
आम्ही २००७ सालापासून आहोत. तेव्हा लिंक नव्हती, मेश नव्हतं, प्रिमचे (साध्या ठोकळ्यांपासून केलेले) केस होते आणि स्कर्टमधून गुडघे बाहेर यायचे. तरी मजा होती. आता आउटफिट लावायला इंजिनिअरिंगची डिग्री लागते.

लॅगोबा
नाना, प्रत्येक धाग्यावर हीच रेकॉर्ड. 🙏

माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. माझ्या एका मैत्रिणीने प्रिमरावांसारख्याच कुणाचं तरी ऐकून सगळ्याच्या लिंका लावल्या. मग मूळ वस्तूंचा फोल्डर बघून तिला वाटलं, हे तर डबल झालंय. तो ट्रॅशमध्ये, ट्रॅश रिकामा. दुसऱ्या दिवशी आउटफिटमध्ये नुसत्या तुटलेल्या लिंका. काही दुकानांच्या रीडिलिव्हरीतून परत मिळालं. पण गाचातली (पैसे टाकून नशिबाने वस्तू देणाऱ्या मशीनमधली) नो-कॉपी बक्षिसं गेली ती गेलीच, आणि गाचा तर ऑगस्ट २०२१ अखेर सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबने बंदच केले. आता तो पीस हवा तर कुणा रीसेलरच्या पाया पडा.

पुणेरी प्रिम
यात लिंकचा काय दोष? लिंक उडवली तर ओरिजिनलला काही होत नाही, ओरिजिनल उडवला तर लिंक तुटते. एका ओळीचा नियम आहे. लिंक तिरक्या अक्षरांत दिसते, राइट क्लिकवर 'फाइंड ओरिजिनल' असतं. मैत्रिणीने ट्रॅश रिकामा करण्याआधी दोन मिनिटं बघायचं.

आणि नो-कॉपी वस्तूचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. तीच तर लिंकची खरी जागा. नो-कॉपी वस्तू एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहणार. पाच आउटफिटमध्ये हवी तर लिंकशिवाय मार्ग नाही. अबोलीताई, यावर बोला.

अबोली
बोलते. नथ.

माझी नथ नो-कॉपी आहे, भेट म्हणून मिळालेली. रिग्ड (शरीराच्या आकाराबरोबर आपोआप बसणारी) नाही, नाकाच्या अटॅचमेंट पॉइंटवर बसते. माझ्याकडे हेड दोन, दोन्हींचं नाक वेगळं. एका हेडवर बसवली की दुसऱ्यावर गालात घुसते किंवा हवेत तरंगते. दोन्ही आउटफिटमध्ये लिंक आहे, तरी दर वेळी एडिट उघडा, झूम करा, बाण ओढा, जेमतेम केसाएवढं सरकवा. हलवलेली जागा मूळ वस्तूवरच सेव्ह होते. मग सांगा, लिंकने काय सोडवलं?

पुणेरी प्रिम
त्यात कॉपीनेही काही सुटत नाही, कारण कॉपी होतच नाही! स्वतःच्याच उदाहरणाने स्वतःचा मुद्दा पाडलात, अभिनंदन.

मालवणी मेश
थांबा थांबा, नथ कुठून मिळाली गो अबोली? आणि साडी कुठली त्याच्यावर? मार्केटप्लेसवर साडी शोधली की समोर लेहेंगेच जास्त येतात, आणि ज्या साड्या दिसतात त्यांचा पदर पाठीला फेव्हिकॉलने चिकटवल्यासारखा. नऊवारी तर मला एकही धड सापडली नाही.

अबोली
नऊवारी नाहीच गं, सहावारीवर भागवते. नथ एका जुन्या मैत्रिणीने दिली, तिचं दुकान बंद झालं.

मालवणी मेश
म्हणूनच मी स्वतः करतेय, ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये. वरचा भाग सोपा आहे. घोळ आहे कासोट्याचा. दोन पायांमधून कापड मागे नेलं की त्याचं वेट (कापड कुठल्या अवयवाबरोबर किती हलेल ते) कुठल्या मांडीला द्यायचं? दोघींना अर्धं अर्धं दिलं तर उभी असताना झकास, पण एओने मांडी घालून बसवलं की मधलं कापड लांबच लांब ताणतं.

लॅगोबा
मग पेल्व्हिसला जास्त दे.

मालवणी मेश
दिलं. मग चालताना मांडी कापडातून बाहेर येते. अल्फा (शरीराचा भाग अदृश्य करणारा थर) लावून मांडी लपवली तर आतून पोकळ दिसतं.

नाना (न्यू जर्सी)
आमच्या मंडळाच्या गणपतीला सिममध्ये लेझीम करायचं ठरलं होतं, बायकांना नऊवारी मिळेना म्हणून शेवटी पुरुषांनीच धोतरं नेसून केलं. धोतरं तरी कुठे मिळतात! कुणाच्या तरी रोमन टोग्याला पांढरा टेक्श्चर लावला होता. मेशच्या आधी हे असं नव्हतं, प्रिमने काहीही करता यायचं.

पुणेरी प्रिम
धागा आउटफिट लिंकचा आहे की वस्त्रोद्योगाचा? 🙄 आणि नाना, रोमन टोगा नेसून लेझीम हा आपल्या संस्कृतीवर डाग आहे.

नाना (न्यू जर्सी)
आम्ही निदान केलं. पुण्यात बसून नियम सांगणं सोपं असतं.

पुणेरी प्रिम
मी गेली आठ वर्षं बंगळुरूत आहे. पण चालू द्या.

काकूबाई
सगळं वाचलं. माझं एवढंच: कुणीच 'रिप्लेस' आणि 'ॲड'मधला फरक का सांगत नाही? नवशिक्यांचा खरा घात तिथे होतो. फक्त कपडे असलेल्या फोल्डरवर 'रिप्लेस आउटफिट' दाबलं की मेश बॉडी, हेड, केस सगळं उतरतं. शेप, स्किन, डोळे तेवढे राहतात. आमच्या ग्रुपमधली एक भर संगीत संध्येत टकली होऊन उभी राहिली, पंचवीस माणसं समोर. बॉडी-हेड-एओच्या लिंका एका 'बेस' फोल्डरमध्ये ठेवा, तो रिप्लेसने घाला, मग कपडे 'ॲड'ने. ब्लाउज कॉपी की लिंक हे नंतर ठरवा.

अबोली
काकू, तुम्ही शहाण्या. हेच मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं असं आता प्रिमराव म्हणतील, म्हणून आधीच सांगते, माझा मुद्दा तो नव्हता.

पुणेरी प्रिम
मी काही म्हणत नाही. तुमचा रंगीत ब्लाउज, लिंकवर जमत नाही हे ठीक आहे. हडवाल्या वस्तूंपुरती कॉपी करा, माझ्याकडून परवानगी. बाकी सगळं लिंकनेच. आणि लाल करून काढायच्या आत व्ह्यूअर क्रॅश झाला की तुमची कॉपीही जुन्याच रंगात परत येते, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

अबोली
परवानगी मागितली कोणी?

आणि क्रॅशचं सांगताय, तुमच्या पोस्टमधल्या फोटोत तुमच्या अवताराचा एक जोडा जमिनीत रुतलाय. शेप बदलून हील-फीट (उंच टाचेसाठीची पावलं) तशीच राहिली असणार. लिंकवाल्या आउटफिटमध्ये, बरं का.

पुणेरी प्रिम
तो फोटो सहा महिन्यांपूर्वीचा आहे.

लॅगोबा
म्हणजे रुतलाय हे खरं 😂

मालवणी मेश
कासोट्याचं कुणी सांगणार आहे का? की मीच वेगळा धागा काढू?

लॅगोबा
कासोटा वेगळा तुकडा कर आणि मागच्या निऱ्यांसकट फक्त पेल्व्हिसला बांध, मांड्यांना अजिबात नको. पुढच्या निऱ्या तेवढ्या मांड्यांवर. मांडी घातल्यावर थोडं आत घुसेल, पण ताणणार नाही. समोरून कोण बघतंय?

मालवणी मेश
नऊवारीत सगळे समोरूनच बघतात रे. पण करून बघते. जमलं तर डेमो अबोलीला, प्रिमरावांना नाही.

पुणेरी प्रिम
मला कशाला हवी नऊवारी?

मालवणी मेश
लिंक लावायला.