सार प्रांताची तीन टपाल तिकिटे: एकाच भूभागाची ओळख तीनदा कशी बदलली?

प्रश्न – तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या दिवंगत वडिलांचा टपाल तिकिटांचा संग्रह हाती लागला. त्यात जर्मनीच्या पानांपासून वेगळ्या एका पानावर त्यांनी सारची, म्हणजे जर्मनी-फ्रान्स सीमेवरच्या कोळसाखाणींच्या भागाची, तीन तिकिटे चिकटवली आहेत. पहिल्यावर खाणकामगाराचे चित्र आणि ‘सारगेबीट’ (सार प्रदेश) अशी अक्षरे आहेत. दुसऱ्यावर केवळ ‘सार’ असे नाव असून किंमत फ्रँकमध्ये आहे. तिसऱ्यावर पश्चिम जर्मनीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांचा चेहरा आहे आणि ‘डॉइचे बुंडेसपोस्ट सारलांड’ (जर्मन टपालखाते, सार) असे छापले आहे, पण आकड्यापुढे फ्रँकचा ‘एफ’ आहे. टपालखाते जर्मनीचे आणि चलन फ्रान्सचे, हे कसे? शिवाय १९३५ मध्ये सारच्या लोकांनी हिटलरच्या जर्मनीत जाण्यासाठी मतदान केले, असे वाचले. ते खरे असेल तर त्याचा अर्थ कसा लावावा?

उत्तर – लळिंगचा वाटसरू (धुळे)

तापीकाठ, आपल्या वडिलांनी ही तिकिटे वेगळ्या पानावर लावली, यातच त्यांची जाण दिसते. पहिल्या महायुद्धापूर्वी ‘सार’ नावाचा एकसंध प्रांत नव्हताच. काही भाग प्रशिया या जर्मन राज्याच्या ऱ्हाइन प्रांतात होता आणि काही बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या पॅलाटिनेट भागात. युद्धात उत्तर फ्रान्समधील कोळसाखाणी जर्मन सैन्याने उद्ध्वस्त केल्या होत्या. त्याची भरपाई म्हणून युद्धानंतर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहाने सार खोऱ्यातील खाणींची मालकी फ्रान्सला दिली आणि १९२० पासून पंधरा वर्षांसाठी कारभार राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) आयोगाकडे सोपवला. सीमा आखताना खाणी, कारखाने आणि तेथे कामाला येणाऱ्या मजुरांची गावे एकत्र येतील असे पाहिले गेले. पहिल्या तिकिटावर खाणकामगार आहे तो त्यामुळेच. कोळसा नसता तर हा नकाशाच निघाला नसता.

आपल्याकडे नेमके उलट घडले, हे मला फार जाणवते. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांची जळगाव आणि धुळे ही नावे रूढ झाली, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला, आणि खानदेशच्या फारुकी सुलतानांचे बुऱ्हाणपूर तर आज मध्य प्रदेशात आहे. सरकारी नकाशावर खानदेश उरला नाही, तरी आपण स्वतःला खानदेशीच म्हणवतो. सारमध्ये नकाशा आधी आला आणि ‘आम्ही सारचे’ ही भावना नंतर रुजली.

उत्तर – मेहरूणची बोर (जळगाव)

१९३५ च्या मतदानाविषयी लिहिते. १३ जानेवारीला झालेल्या त्या मतदानात तीन पर्याय होते: जर्मनी, फ्रान्स किंवा राष्ट्रसंघाचा चालू कारभार. जर्मनीला ९०.७ टक्के, चालू कारभाराला ८.८ टक्के आणि फ्रान्सला जेमतेम ०.४ टक्के मते पडली. व्हर्सायचा तह झाला त्या दिवशी, म्हणजे २८ जून १९१९ रोजी, जो त्या भागात राहत होता त्यालाच मताधिकार होता. त्यामुळे परदेशी गेलेली माणसेही मतासाठी गावी परतली. भाषेने आणि मनाने जर्मन असलेल्या लोकांना पंधरा वर्षांचा परका कारभार संपवायचा होता, कॅथलिक बिशपांनीही जर्मनीचीच बाजू घेतली होती, आणि नाझींच्या बाजूने धाकदपटशाही भरपूर झाली. तरीही ‘हिटलरकडे कदापि नाही’ असे उघड सांगत फिरणारे समाजवादी नेते माक्स ब्राउन आणि त्यांच्या बाजूने मत देणारे ४६ हजारांहून अधिक लोक होते, हे विसरले जाऊ नये. निकालानंतर त्यांच्यापैकी हजारोंना फ्रान्सची वाट धरावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने हा भाग पुन्हा जर्मनीपासून तोडला. १९४७ मध्ये त्याला स्वतःचे संविधान आणि फ्रँक हे चलन मिळाले. आपले दुसरे तिकीट त्या काळातले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सारचा स्वतंत्र संघ उतरला. पुढे सारला ‘युरोपीय दर्जा’ देण्याचा, म्हणजे जर्मनीत न घालता युरोपीय देखरेखीखाली वेगळे ठेवण्याचा, करार फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्यात झाला. जर्मन चान्सलर आडेनाउअर यांनीही ‘हो’ म्हणा असे सांगितले, पण २३ ऑक्टोबर १९५५ रोजी ६७.७ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. जर्मनीत सामील होण्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. तरी त्या नकाराचा अर्थ दोन्ही सरकारांनी तोच घेतला, आणि बळजबरी न करता तो मान्य केला. पुढील वर्षी सार पश्चिम जर्मनीकडे सोपवण्याचा लक्झेंबर्गचा करार झाला. माझ्या मते सारच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच.

उत्तर – सातपुडा (नंदुरबार)

तिसऱ्या तिकिटापुरते सांगतो. १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीचे राज्य झाले, पण जर्मन मार्क तेथे ६ जुलै १९५९ रोजी लागू झाला. मधल्या अडीच वर्षांत टपालखाते जर्मन होते आणि बाजारात फ्रँक चालत होता. त्या मालिकेतील सुरुवातीच्या तिकिटांवर ‘एफ’ नव्हता, तो नंतर घातला गेला. शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर अवश्य कळवा.

तापीकाठ

आपणा तिघांचे मनापासून आभार. आताच भिंग घेऊन पाहिले. शिक्क्यात ‘सारब्र्युकेन’ पूर्ण वाचता येते, दिवस पुसट झाला आहे, वर्ष मात्र ५८ आहे. पानाच्या तळाशी वडिलांनी पेन्सिलीने ‘१९५९ नंतरचे मिळवणे’ असे लिहून ठेवले आहे, आणि त्यापुढे एका तिकिटाएवढी जागा रिकामी सोडली आहे.