'मूकबधिर', 'महारोगी' : सूचीत कोणता शब्द ठेवावा?

प्रश्न : वाचनालयातल्या जुन्या अहवालांची सूची संगणकावर घेतोय. १८८१ च्या जनगणनेत वेडे, मूकबधिर, आंधळे, महारोगी यांची वेगळी मोजणी होती, त्यावरचं एक मराठी टिपण हाती आलंय. सगळीकडे सरसकट 'दिव्यांग' करून टाकू का?

उत्तर : अजिबात नको. संगणकाला 'मूक' शोधून बदलायला सांगाल तर तो १९२० च्या 'मूकनायक'लाही हात घालेल. एकनाथांची 'आंधळा', 'बहिरा' ही भारुडं तर रूपकंच आहेत. शीर्षक जसं छापलंय तसंच उतरवायचं. आपला शब्द फक्त वर्णनात आणि विषयात. तिथेही जुन्या शब्दाची 'पाहा' नोंद, म्हणजे जुना शब्द शोधणाऱ्याला नव्याकडे धाडणारी नोंद, हवीच. वरोऱ्याच्या संस्थेच्या नावात आजही 'महारोगी सेवा समिती' आहे. विषय मात्र 'कुष्ठरोग'.

'दिव्यांग' डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'नंतर सरकारी कागदांत रुळला. पण अनेक अपंग कार्यकर्त्यांना त्यातलं दिव्यत्व तेव्हाही नको होतं, आजही नकोय. सूचीच्या दृष्टीने माझी तक्रार वेगळी : हा शब्द सगळ्यांना एका पोत्यात भरतो. अंधशाळेचा अहवाल हवा असलेल्याने काय उपसत बसायचं? 'मूकबधिर'मधला 'मूक' तर चूकच. हातांनी बोलणाऱ्याला पुरती भाषा असते, व्याकरणासकट. 'कर्णबधिर' लिहा. तरी माझ्यावर थांबू नका, ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना विचारा.

आणखी एक उत्तर : मी अंध आहे, आणि मला 'अंध' चालतो. 'दृष्टिबाधित' म्हटलं की भूतबाधाच आठवते! माझ्या मित्राला थोडं दिसतं, त्याला 'अंध' पटत नाही, 'अल्पदृष्टी' म्हणा म्हणतो. म्हणजे आमच्यातही एकमत नाही, तेव्हा एकाच माणसाला बोलावून 'समाजाला विचारलं' असं लिहू नका. चार जण बोलवा, त्यात एखादी सांकेतिक भाषेत बोलणारी असेल तर दुभाषा ठेवा, आणि मानधन द्या. एका ठिकाणी मला बोलावलं तेव्हा शब्द ठरलेलेच होते, मी फक्त मान डोलवायची होती. वर यादी पाठवली ती स्कॅन करून. माझा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, 'ग्राफिक' एवढंच म्हणाला आणि गप्प बसला.

तुमची यादी युनिकोडमध्ये टंकून पाठवा. 'वेडे'पासून सुरू करू, पण त्यासाठी मनोरुग्णांपैकी कुणीतरी लागेल, मी नाही पुरणार.