चावी : पोर्तुगीज की लॅटिन?

प्रश्न : आपली 'चावी' पोर्तुगीजांकडून आली हे ठाऊक आहे. पण तीच वस्तू इटालियनमध्ये 'क्यावे', स्पॅनिशमध्ये 'यावे' आणि फ्रेंचमध्ये 'क्ले'. हे सगळे एकाच घरातले कसे? शिवाय आजचा पोर्तुगीज माणूस 'शाव' म्हणतो. मग आपल्याकडे 'च' कुठून आला?

उत्तर : घर एकच, लॅटिन 'क्लाविस'. सुरुवातीच्या 'क्ल'चं काय करायचं, एवढ्यावरच लेकींचं बिनसलं. फ्रेंचने तो तसाच ठेवला, इटालियनने 'ल'चा 'य' केला. स्पॅनिशने 'क' टाकून 'ल्यावे' केलं, त्याचं आता बहुतेक ठिकाणी 'यावे' झालंय. पोर्तुगीजने मात्र दोन्ही व्यंजनं मिळून एक 'च' करून टाकला. एका शब्दावरून नियम ठरत नाही, म्हणून 'फ्लामा' (ज्योत) घ्या : फ्रेंच फ्लाम, इटालियन फ्यामा, स्पॅनिश यामा, पोर्तुगीज शामा. 'फ्ल' असो वा 'क्ल', वाट तीच.

आता 'च'बद्दल. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा त्यांच्या तोंडी या जागी 'च'च होता. लिस्बनकडे त्याचा 'श' पुढे झाला; उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत 'च' अजून ऐकू येतो. म्हणजे 'चावी' आपण बिघडवलेली नाही, जुना उच्चार आपल्याकडे टिकला आहे. मला तरी या शब्दातली हीच सगळ्यात मजेची गोष्ट वाटते.

अर्थही बरेच पांगलेत. स्पॅनिश 'यावे' म्हणजे बऱ्याच देशांत नळाची तोटीसुद्धा, आणि गणितातला महिरपी कंसही. गॅरेजमधल्या स्क्रू पान्याला या चारही भाषा 'इंग्रजी चावी' म्हणतात. इंग्रजांना हा मान का, ते जाऊ द्या. रुमानियनमध्ये 'केये'चं अनेकवचन डोंगरातल्या अरुंद घळीलाही लावतात. बिकाझची घळ प्रसिद्धच आहे.

भर : लॅटिनमध्ये शेजारीच 'क्लावुस' म्हणजे खिळा आहे. कॅटलान भाषेत झिजून झिजून दोन्ही शब्द 'क्लाउ' झाले. तिथे पुल्लिंगी क्लाउ भिंतीत ठोकायचा आणि स्त्रीलिंगी क्लाउ कुलपात फिरवायची. आपल्या 'किल्ली'चं नातंही 'कील'शी, म्हणजे खिळ्याशीच लावतात.